पाळकाची खुर्ची आणि परवान्याची चौकट

गेल्या वर्षी नाताळच्या आठवडाभर आधी भाचीचा फोन आला. ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयात ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपी’ शिकते. आपल्या भाषेत सांगायचं तर विवाह व कुटुंब समुपदेशन. पहिल्याच सत्रातला तिचा गृहपाठ मला चमत्कारिक वाटला. स्वतःच्या घराच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढायचा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ. नवराबायको वेगळे राहत असतील तर त्या रेघेवर एक तिरका छेद, घटस्फोट झाला असेल तर दोन. दोघांत सततचं वैर असेल तर मध्ये करवतीच्या दात्यांसारखी रेघ. या नकाशाला जिनोग्राम म्हणतात. आपल्या वंशावळीत बहुतेक वेळा मुली नसतातच, सुनांची माहेरची नावं तर कोणालाच ठाऊक नसतात. या नकाशात सगळे असतात, शिवाय कोण कोणाशी बोलत नव्हतं तेही असतं.

तिला माझ्याकडून पणजोबांपासूनच्या जन्ममृत्यूच्या तारखा हव्या होत्या. त्या दिल्या. मग ती म्हणाली, “मामा, आई-पप्पांच्या रेघेवर दोन छेद देते, ते मला माहीत आहे. पण त्र्याण्णव साली पाळकसाहेब घरी आले होते ना, तेव्हा नेमकं काय झालं होतं? आई सांगत नाही.”

आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत आजोबा शिक्षक होते, म्हणजे आमच्या घरात तीन पिढ्यांपासून पाळकांचा शब्द शेवटचा. १९९३च्या पावसाळ्यात ताई एक बॅग आणि एका हाताला पट्टी घेऊन माहेरी आली. ती परिचारिका होती, पट्टी तिनेच बांधली होती. तीन दिवसांनी पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन वडीलधारे आमच्या ओसरीत बसले. दाजींनाही बोलावलं होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, चहाचे कप नेणंआणणं माझ्याकडे. शास्त्रवाचन झालं, प्रार्थना झाली, दाजींनी खाली मान घालून माफी मागितली. पाळकसाहेब ताईला म्हणाले, “बाळ, क्षमा कर आणि आपल्या घरी जा.” एवढं सगळं पाऊण तासात उरकलं. ताई त्याच संध्याकाळी परत गेली.

पाळकसाहेब वाईट नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. आमचे वडील वारले तेव्हा रात्रभर उशाशी बसणारा तोच माणूस होता. पण त्या पाऊण तासात ताईशी एकटीशी कोणीही बोललं नाही. तिला कोणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तरी पुढे काय, हा प्रश्न होताच. त्या वेळी ख्रिस्ती जोडप्यांना लागू होता तो १८६९चा घटस्फोट कायदा. त्यानुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र निव्वळ मारहाणीवर किंवा निव्वळ व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे, व्यभिचाराला क्रूरतेची किंवा टाकून देण्याची जोड दाखवावी लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा भेद घटनेविरुद्ध ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा बदलून परस्परसंमतीचीही सोय केली. ताईचे दोन छेद २००३चे आहेत. तोवरची दहा वर्षं त्या नकाशात कशी दाखवायची, ते भाचीच्या प्राध्यापकांनाच ठाऊक.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळू लागला. जे काम आमच्या पाळकसाहेबांनी ओसरीत बसून केलं, तेच काम माझी भाची एका ख्रिस्ती संस्थेत, पदवी आणि परवान्यासाठी, दोनतीन वर्षं घालून शिकते आहे. मग हे शिक्षण चर्चने चर्चमध्येच उभं केलं की बाहेरून आणलं? आणि आणलं तर कोणाकडून? मी काही विद्यापीठाचा माणूस नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करून उरलेल्या रात्री जुनी मासिकं, न्यायालयांचे निकाल आणि रद्दीत मिळालेली पुस्तकं वाचत आलो. गेलं वर्ष या विषयात गेलं.

मला वाटलं होतं की माग थेट धर्मशास्त्राच्या वर्गात निघेल. तसा एक माग आहे. १९०६ साली बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एलवुड वूस्टर या धर्मगुरूंनी डॉक्टरांच्या मदतीने मनाच्या दुखण्यांसाठी दवाखाना सुरू केला. ते जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्र शिकून आले होते. काही वर्षांतच डॉक्टर मंडळी बिथरली आणि चळवळ ओसरली. त्याहून खोल ठसा उमटवला अँटन बॉइसन यांनी. हे पाळक १९२० साली स्वतःच वेडाच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झाले, बरे झाले, आणि १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले. पाळक होऊ पाहणाऱ्याने पोथ्यांइतकंच बारकाईने दुःखी माणसाला वाचावं, हा त्यांचा आग्रह. पुढे ज्यांच्या ‘ऐकण्या’च्या पद्धतीवर सगळं समुपदेशन उभं राहिलं ते कार्ल रॉजर्सही आधी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत धर्मशास्त्र शिकायला गेले होते. दोन वर्षांनी ते रस्त्यापलीकडच्या शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात निघून गेले.

पण हा सगळा माग एकट्या माणसाच्या मनाचा आहे. नवरा आणि बायको दोघांना समोर बसवून, फी घेऊन सल्ला देणं हा व्यवसाय कुठून आला, हे शोधताना मी जिथे पोचलो तिथे चर्च नव्हतं. तिथे खजुराची बाग होती.

पॉल पोपिनो यांचा जन्म १८८८चा. त्यांच्या वडिलांची लॉस एंजेलिसजवळ अल्टाडेना या गावी रोपवाटिका होती. तिच्यासाठी खजुराची जातिवंत रोपं आणायला पोपिनो अरबस्तान, इराक, उत्तर आफ्रिका फिरले आणि १९१३ साली त्यांनी खजूर लागवडीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. जातिवंत रोप निवडायचं आणि हलकं उपटून टाकायचं, ही बागाईतदाराची नजर त्यांनी पुढे माणसांवर वळवली. १९१८ साली रॉझवेल जॉन्सन यांच्याबरोबर त्यांनी सुप्रजननशास्त्रावर पाठ्यपुस्तक काढलं. कॅलिफोर्नियात १९०९पासून सक्तीच्या नसबंदीचा कायदा होता. त्याखाली सरकारी संस्थांमधल्या सुमारे २०,००० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. बहुतेकांवर वेडसर किंवा मतिमंद असा शिक्का मारलेला. अल्टाडेनाला लागूनच असलेल्या पॅसाडेना शहरात १९२८ साली या नसबंदीचा पुरस्कार करणारी संस्था निघाली, आणि तिचे संस्थापक गॉस्नी यांच्यासह पोपिनो यांनी १९२९ साली नसबंदीच्या बाजूने पुस्तक लिहिलं. जर्मनीत नाझींनी आपला कायदा केला तेव्हा तिथल्या समर्थकांनी कॅलिफोर्नियाचा दाखला दिला.

याच पोपिनो यांनी १९३० साली लॉस एंजेलिसमध्ये ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फॅमिली रिलेशन्स’ काढली. हिशेब सरळ होता. ‘हलक्या’ लोकांनी मुलं होऊ देऊ नयेत हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे ‘चांगल्या’ लोकांनी लग्न करावं आणि ते मोडू नये. लग्न मोडलं तर चांगल्या वाणाची पिढी घटते. विवाह समुपदेशनाच्या अमेरिकेतल्या सर्वांत गाजलेल्या केंद्राचा पाया हा आहे. पोपिनो यांची डॉक्टरकी मानद होती, मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं, आणि ते स्वतः काही धार्मिक गृहस्थ नव्हते. पण पाळकमंडळींना त्यांचा निष्कर्ष पटण्यासारखा होता. लग्न टिकवा, हेच तेही सांगत होते. पाळक शिकायला येऊ लागले. १९५३च्या जानेवारीपासून ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात त्यांच्या केंद्रातल्या प्रकरणांवर सदर सुरू झालं. त्याच्या नावाचा अर्थ : हे लग्न वाचेल का? आधी बायको आपली बाजू सांगते, मग नवरा, शेवटी समुपदेशक. मी त्यातले जेवढे जुने अंक मिळाले तेवढे वाचले. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं : वाचेल. आणि वाचवण्यासाठी वाकायचं काम बहुधा जी आधी बोलते तिच्याकडे येतं. वाचताना मला आमची ओसरी आठवली. फरक एवढाच की इथे शास्त्रवाचन नव्हतं, ‘शास्त्र’ होतं.

याचा धागा चर्चच्या खोलीपर्यंत कसा पोचला याची एक खूण सांगतो. पोपिनो यांचे सहलेखक जॉन्सन याच केंद्रात काम करत. १९४१ साली त्यांनी स्वभाव मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. ती पुढे सुधारून ‘टेलर-जॉन्सन’ या नावाने निघाली, आणि अमेरिकेतल्या असंख्य पाळकांनी लग्नाआधीच्या सल्ल्यासाठी ती वापरली. तिच्यासमोर बसलेल्या किती वधूवरांना ठाऊक होतं की या कागदाचा एक आजोबा सुप्रजननवाला आहे? पोपिनो यांचे एक सहायक जेम्स डॉब्सन. १९७० साली मुलांच्या शिस्तीवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पोपिनो यांची प्रस्तावना आहे. याच डॉब्सन यांनी १९७७ साली ‘फोकस ऑन द फॅमिली’ ही संस्था काढली आणि रेडिओवरून लाखो ख्रिस्ती घरांत त्यांचा आवाज पोचला. ते गेल्या ऑगस्टात, २०२५ साली वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचं राजकारण भरपूर सांगितलं. खजुराच्या बागेपासून आलेली ही वाट मला तरी कुठे दिसली नाही.

पोपिनो एकटेच नव्हते. न्यूयॉर्कमध्ये हॅना आणि अब्राहम स्टोन हे डॉक्टर दांपत्य १९३०च्या सुमारास संततिनियमनाच्या कामातून विवाहाच्या सल्ल्याकडे वळलं. फिलाडेल्फियात १९३२ साली एमिली मड यांनी केंद्र सुरू केलं. १९४२ साली समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना झाली. यातल्या अब्राहम स्टोन यांचा आपल्याशी संबंध आहे. १९५१ साली आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या सरकारने जागतिक आरोग्य संघटनेकडे मदत मागितली आणि संघटनेने या स्टोनसाहेबांना भारतात पाठवलं. काम होतं ‘सुरक्षित दिवसां’ची पद्धत शिकवण्याचं. दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१पासून याच प्रश्नावर स्वतःच्या खिशातून केंद्र चालवलं होतं आणि १९५१ साली ते हयात होते. त्यांना कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. असो.

आता मुख्य वळण. १९६३ साली कॅलिफोर्निया राज्याने विवाह, कुटुंब व बाल समुपदेशकांना परवाना सक्तीचा केला. अमेरिकेतलं असं हे पहिलं राज्य. तोवर कोणीही दारावर पाटी लावून नवराबायकोंना सल्ले देऊ शकत होतं, आणि देतही होतं. परवाना आला म्हणजे ठरावीक पदवी आली, कोणाच्या तरी देखरेखीखाली ठरावीक तास काम करणं आलं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तक्रार करायला एक जागा आली. समुपदेशक चुकला तर सल्ला घेणारी बाई मंडळाकडे अर्ज करू शकते आणि परवाना जाऊ शकतो. बाकी राज्यांनी हळूहळू तोच रस्ता धरला. शेवटची राज्यं २००९ साली आली. पण कायद्यात एक दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. जो धर्मगुरू आपल्या धर्मकार्याचा भाग म्हणून सल्ला देतो, त्याला परवाना लागत नाही.

या उघड्या दारातच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाळकाला परवान्याची गरज नव्हती. मग ख्रिस्ती महाविद्यालयांनी परवान्याचं शिक्षण का सुरू केलं?

पॅसाडेना इथली फुलर सेमिनरी घ्या. संत्र्यांच्या व्यापारातून रेडिओ-प्रवचनाकडे आलेल्या चार्ल्स फुलर यांनी ती १९४७ साली स्थापली. (खजूर झाला, आता संत्री. या विषयाला फळबागांचा काय नाद आहे कोण जाणे.) बायबलवर कडवी निष्ठा, पण अभ्यासाला घाबरायचं नाही, असं तिचं धोरण. कायदा होऊन दोनच वर्षं झाली असताना, १९६५ साली या सेमिनरीने मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय काढलं. पहिले अधिष्ठाता ली ट्रॅव्हिस. आयोवा विद्यापीठात तोतरेपणावर संशोधन करून नावाजलेले, उतारवयात श्रद्धेकडे परतलेले गृहस्थ. विद्यार्थ्याला मानसशास्त्राबरोबर धर्मशास्त्राचेही विषय सक्तीचे. सेमिनरीच्या जुन्या पाठीराख्यांपैकी अनेकांना हे रुचलं नाही. फ्रॉइडला नास्तिक म्हणून शिव्या घालत आलेल्यांच्या देणग्यांवर फ्रॉइड शिकवायचा, हे पचायला जडच. तरी सत्तरच्या दशकात या विद्यालयाला मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. म्हणजे प्रार्थनेने दिवस सुरू करणाऱ्या या संस्थेची परीक्षा बाहेरच्या, धर्माशी देणंघेणं नसलेल्या लोकांनी घेतली आणि तिने ती देऊ केली. ऐंशीच्या दशकात तिथेच विवाह व कुटुंब उपचाराचा विभाग उभा राहिला. दरम्यान १९७०मध्ये रोझमीड हे दुसरं विद्यालय निघालं होतं आणि पुढे बायोला या ख्रिस्ती विद्यापीठात सामील झालं होतं.

या संस्थांच्या कागदपत्रांत एक शब्द सतत येतो : ‘इंटिग्रेशन’. श्रद्धा आणि मानसशास्त्र यांचा सांधा. त्यावर शेकडो लेख आहेत आणि त्यातले बरेचसे मला शब्दांचा खेळ वाटले. पण खरा सांधा या लेखांत नसून प्रवेशाच्या अर्जात आहे, असं माझं मत झालं आहे. मुलगा किंवा मुलगी ख्रिस्ती महाविद्यालयात येते, फी भरते आणि शेवटी तिला राज्याचा परवाना हवा असतो, कारण परवान्याशिवाय स्वतंत्रपणे काम करता येत नाही. कॅलिफोर्नियात त्यासाठी देखरेखीखालचे ३,००० तास भरावे लागतात आणि दोन परीक्षा द्याव्या लागतात. त्यातली एक निव्वळ कायदा आणि व्यवसायनीतीची. त्या परीक्षेत तुमचा धर्म कोणी विचारत नाही. विचारतात ते असं : समोरच्याने अमुक सांगितलं तर तुमचं कर्तव्य काय?

सगळ्या ख्रिस्तींना हे मान्य झालं नाही. १९७० साली जे ॲडम्स या पाळकांनी एक पुस्तक लिहून उघड बंड केलं. बायबल हाती असलेला पाळक सल्ला द्यायला पुरेसा लायक आहे, मानसशास्त्रज्ञाने त्याची जागा बळकावली आहे, हा त्यांचा दावा. त्यांच्या मागे एक पूर्ण परंपरा उभी राहिली. लुइव्हिल इथल्या बाप्टिस्ट सेमिनरीत मानसशास्त्राच्या जोडीने पाळकांना शिकवण्याचा जुना वारसा होता. २००५ साली तिनेही तो सोडून ॲडम्स यांच्या वळणाची वाट धरली. म्हणून आज ‘ख्रिस्ती समुपदेशन’ असं एकच नाव लावणाऱ्या दोन पदव्या असू शकतात. एक परवान्याकडे नेते, दुसरी नेत नाही. आपल्याकडची मुलं तिकडे अर्ज करताना हा फरक पाहत नाहीत. भाचीनेही पाहिला नव्हता, योगायोगाने ती बरोबर जागी पडली.

या फरकाचं मोल काय, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की कळतं.

पहिला १९७६चा, तारासॉफ खटला. बर्कले विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं होतं की मी एका मुलीला मारणार आहे. १९६९च्या ऑक्टोबरात त्याने तिला खरंच मारलं. मुलीला वा तिच्या घरच्यांना कोणी सावध केलं नव्हतं. आईवडील न्यायालयात गेले. न्यायालयाने ठरवलं की गुप्तता महत्त्वाची, पण एखाद्याच्या जिवाला धोका असेल तर त्याच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. तेव्हापासून परवानाधारकाच्या खोलीत एक न दिसणारी तिसरी व्यक्ती कायम बसलेली असते.

दुसरा १९८८चा, नॅली विरुद्ध ग्रेस कम्युनिटी चर्च. चोवीस वर्षांचा एक तरुण, मनाने खचलेला. तो लॉस एंजेलिसमधल्या या मोठ्या चर्चच्या पाळकांकडून सल्ला घेत होता. आधी एकदा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. १९७९च्या एप्रिलमध्ये तो गेला. आईवडिलांचं म्हणणं, पाळकांनी त्याला तज्ज्ञाकडे पाठवायला हवं होतं. जवळजवळ नऊ वर्षं हा खटला खालीवर फिरला. शेवटी न्यायालयाने म्हटलं की परवाना नसलेल्या धार्मिक सल्लागारावर तज्ज्ञाकडे पाठवण्याचं कायदेशीर कर्तव्य लादता येणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने दुसरा निकाल चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. सरकारने पाळकाच्या प्रार्थनेवर देखरेख करावी, हे कोणालाच नको आहे. पण दोन्ही वाचून झाल्यावर मी बराच वेळ नुसता बसलो होतो. एकाच राज्यात, एकच दुखणं घेऊन माणूस दोन दारांपैकी एका दारातून आत जातो. एका खोलीत त्याचा हक्क असतो, दुसऱ्या खोलीत त्याच्या वाट्याला समोरच्याचा चांगुलपणा येतो. पाळकसाहेबांचा चांगुलपणा मी पाहिला आहे, म्हणून हे जास्त टोचतं. २०१२ साली याच राज्याने, समलिंगी मुलामुलींना ‘बदलण्या’चे उपचार अठरा वर्षांखालच्यांवर करायला मनाई केली. तीही फक्त परवानाधारकांना. धर्मगुरू पुन्हा त्या कुंपणाबाहेर.

कुटुंब उपचाराची विद्या काय सांगते, याबद्दल थोडक्यात. पन्नाशीच्या दशकात ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातच पालो आल्टो इथे असा विचार मांडला की एका माणसाचं आजारपण समजून घ्यायला सगळ्या घराची बोलण्याची रीत पाहावी लागते. मरे बोएन, व्हर्जिनिया सटीर, साल्वादोर मिनुचिन यांनीही आपापल्या पद्धती काढल्या. या सगळ्यांना एका खोलीत बसलेलं कुटुंब दिसत होतं. त्या खोलीत मारणारा आणि मार खाणारी एकाच सोफ्यावर बसलेली असतात, हे सुरुवातीला पुरेसं दिसलं नाही. स्त्रीवादी अभ्यासकांनी पुढे त्यावर कोरडे ओढले. आज भाचीच्या वर्गात घरातल्या मारहाणीचा संशय आला तर दोघांशी आधी वेगवेगळं बोला, असं शिकवतात. मी तिला विचारलं, “हे कोणत्या पुस्तकात आहे?” ती म्हणाली, “मामा, हे अगदी पहिल्या काही आठवड्यांत शिकवतात.”

आमच्या नगरच्या अमेरिकन मराठी मिशननेही एक माणूस दिला, त्याची नोंद इथे केली पाहिजे. क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली या मिशनतर्फे मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्याच्या कामगार वस्तीत ‘नेबरहुड हाउस’ उभारलं. वाचनालय, दवाखाना, खेळ, व्याख्यानं. तिथूनच १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. म्हणजे एका मिशनऱ्याने सुरू केलेलं शिक्षण पहिल्या दिवसापासून कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्यासाठी, चर्चच्या बाहेर उभं राहिलं. कॅलिफोर्नियात विद्या बाहेरून चर्चमध्ये शिरली, मुंबईत ती मिशनऱ्याच्या हातून बाहेर पडली. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली, तेव्हा विवाह समुपदेशकाच्या खुर्चीवर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली माणसं बसली. त्या खुर्चीचा एक पाय नागपाड्यात आहे, हे ठाऊक असलेले फार थोडे भेटले. ताईचं प्रकरण जिल्हा न्यायालयात चाललं. तिथे अशी खुर्ची नव्हती.

हा लेख लिहिण्याआधी ताईला सगळं वाचून दाखवलं. पोपिनोपाशी ती हसली. नॅली खटल्यापाशी म्हणाली, “आपल्या पाळकसाहेबांना कोणी शिकवलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं रे मला.” मग थोड्या वेळाने, “विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. तू चहा घेऊन मध्येमध्ये येत होतास.”

भाचीने नाताळच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण झालेला नकाशा पाठवला. पणजोबांपासून सगळे होते. आईपप्पांच्या रेघेवर दोन छेद, खाली साल. नकाशाच्या डाव्या कडेला, घराच्या बाहेर, तिने एक चौकोन काढला होता आणि त्यातून एक रेघ थेट तिच्या आईच्या वर्तुळापर्यंत आणली होती. तिने विचारलं होतं, ही रेघ जवळिकीची ठेवू, की दाते काढू? मी ताईला फोन दिला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “साधीच ठेव म्हणावं. आणि तारीख लिही, जुलै त्र्याण्णव.”